चौघांचा नाताळ आणि भरलेला टोप

बाटलीमसाला
गुरुवार, २६ डिसेंबर, सकाळी ९.४०

सगळ्यांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा!

यंदा आमच्या घरी नाताळला चारच माणसं होती. दीर-जाऊ दुबईत, नणंद लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालेलं. त्यामुळे ना क्लबचा डान्स, ना दुपारची पंगत. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आणि लेक जाऊन आलो, नवरा आईजवळ थांबला. घरी आल्यावर गोठ्यात बाळ येशू ठेवला, केक कापला आणि चौघं बराच वेळ बोलत बसलो. सासूबाईंनी त्यांच्या लहानपणीचा गोराईचा नाताळ सांगितला. एरवी पाहुण्यांच्या गडबडीत त्यांना बोलायला कोण सवड देतं? असा शांत नाताळ मला फार आवडला.

पण धागा काढला तो वेगळ्या कारणासाठी. माणसं चार म्हणून मी टोप लहान केला नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई, साष्टी, वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्या सणाचे काही पदार्थ थोडक्यात होतच नाहीत. सोर्पोतेल, म्हणजे डुकराचं मांस आणि कलेजीचं व्हिनेगरमधलं कालवण, घ्या. मांस, चरबी, कलेजी, हृदय असं सगळं वेगवेगळं उकडायचं, मग डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, ते त्यांच्याच चरबीत परतायचे, मग व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला. पाव किलोसाठी हा घाट घातला तर तुकडे कढईतच कोरडे पडतात आणि वर तुपासारखा तवंग येत नाही. तो तवंग नसेल तर सोर्पोतेल मुरत नाही. मी २२ला केलं. २५ला त्याला खरी चव आली, आणि खरं सांगायचं तर आज ती कालच्यापेक्षा चांगली आहे.

फुग्यांचं, म्हणजे आमच्या मैद्याच्या गोल, तळलेल्या पावांचं, तसं नाही. ते अर्ध्या मापाने अगदी छान होतात. तेव्हा माझं म्हणणं इतकंच: माणसं कमी असली तर काय लहान करायचं आणि काय नाही हे पदार्थाला विचारावं. जे मोठंच करावं लागतं त्याच्या पुढच्या जेवणांचा विचार आधीच करून ठेवावा. मी सोर्पोतेल झालं त्याच दिवशी निम्मं डब्यांत भरून फ्रीझरला टाकते, मग उरलेलं टेबलावर येतं.

आज सकाळी आमच्याकडे नाश्त्याला सोर्पोतेल, वर तव्यावरचं अंडं, पिवळा वाहता ठेवलेला, आणि कालचे फुगे चिरून लोण्यात भाजलेले. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.

तुमच्याकडे २६ ते ३१ काय शिजतं? नाताळ असो, दिवाळी असो, सणानंतरच्या स्वयंपाकाचं लिहा. नुसतं 'आम्ही गरम करून खातो' नको, कसं करता ते सविस्तर येऊ द्या.

---

माहीमचा_वारा
२६ डिसेंबर, सकाळी १०.१५

छान धागा! सोर्पोतेलवरचं अंडं वाचून भूक लागली.

आमच्याकडे काल भरलेली कोंबडी रोस्ट केली होती. मांस संपलं तरी सांगाडा टाकायचा नाही हा आमच्या घरातला नियम. हाडं, त्याला चिकटलेलं मांस, रोस्टच्या ट्रेमध्ये तळाशी जमलेलं करपूस सगळं खरवडून मोठ्या पातेल्यात घालायचं. एक कांदा सालीसकट चार भाग करून, एक गाजर, सात-आठ मिरी, तमालपत्र. बुडेल इतकं पाणी घालून तास-सव्वा तास मंद आचेवर. खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर पाणी गढूळ होतं. मीठ शेवटी घालायचं, कारण रोस्टमध्ये ते आधीच असतं.

गाळून घेतलेल्या पाण्यात जुने तांदूळ मऊ शिजवायचे. वर आल्याचा कीस आणि थोडी मिरपूड. बाटलीमसाला ताई, तुमच्या सासूबाईंना ही पेज नक्की द्या. सणाच्या तेलकट जेवणानंतर पोटाला फार बरी वाटते.

---

हिशेबवही
२६ डिसेंबर, सकाळी ११.०२

मतभेद नोंदवतो, राग नसावा.

चार माणसांना दीड-दोन किलो मांस कशासाठी? आपल्याकडे सण म्हटला की भरमसाट करायचं आणि मग चार दिवस तेच ढकलायचं, ही सवय मोडायला हवी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दिवाळीचा फराळ आमच्याकडे आता मोजून करतो. चकल्या पंधरा दिवस डब्यात मऊ होत पडायच्या, ते बंद झालं. शांत सण हवा तर स्वयंपाकही शांत हवा. बाईमाणसाचे श्रम हाही मुद्दा आहेच.

---

बाटलीमसाला
२६ डिसेंबर, सकाळी ११.४०

हिशेबवही दादा, राग कसला! श्रमांचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य. म्हणूनच आमच्याकडे मांस कापायला नवरा आणि लेक दोघं बसतात. ते बारीक तुकडे करायचं काम मोठं असतं, चार हात लागतातच.

पण श्रमांचा हिशेब माझ्या बाजूने येतो. सोर्पोतेल एक किलोचं करा की दोन किलोचं, उकडणं, वाटण, भांडी, ओटा धुणं सारखंच. जादा फक्त कापणं. आणि त्या एका दुपारीत माझे पुढच्या महिन्यातले दोन रविवार सुटतात. चकलीचं तुमचं पटलं, कारण चकली पहिल्या दिवशीच सगळ्यात चांगली असते, नंतर उतरतच जाते. सोर्पोतेल आणि विंदालू (व्हिनेगरमधलं आंबट-तिखट मांसाचं कालवण) चढत जातात. दोन्हींना एकच नियम लावू नये, एवढंच.

माहीमचा_वारा, पेज आज रात्रीच. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी 'गाजर नको, गोड होतं' असं सांगितलंय.

---

तुळशीवृंदावन
२६ डिसेंबर, दुपारी १२.३०

मी बोरिवलीत आयसी कॉलनीजवळ राहते. आमच्या मजल्यावर तीन कॅथलिक घरं आहेत. काल संध्याकाळी तिन्हीकडून ताटं आली. कुलकुल, नेवऱ्या, गुलाबाच्या फुलासारख्या कुरकुरीत कुकीज, दोदोल, पेरूची वडी, प्लम केक. शिवाय शेजारच्या आंटींनी स्टीलच्या डब्यात चिकन विंदालू दिलं.

अडचण अशी की मार्गशीर्ष चालू आहे. आज शेवटचा गुरुवार, घरात घट मांडलाय, संध्याकाळी हळदीकुंकू आहे. अमावास्या सोमवारी, ३०ला. तोपर्यंत आमच्याकडे अंडंसुद्धा नाही. आंटींना हे माहीत आहे. त्या म्हणाल्या, 'डबा फ्रीझरमध्ये ठेव, एकतीस तारखेला काढ.' इतकं समजून घेणारे शेजारी मिळाले म्हणून मला खरंच भाग्यवान वाटतं.

मला विचारायचंय ते असं. विंदालू ३१पर्यंत टिकेल ना? केकचं काय करू? आणि ताटं रिकामी परत द्यायची नाहीत, तर काय घालून देऊ? आज प्रसादाची खीर आहे, पण ती ताटात कशी देणार!

---

सूक्ष्मदर्शक
२६ डिसेंबर, दुपारी १.१०

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, म्हणून थोडं नीट लिहिते.

तुळशीवृंदावन ताई, डबा कालच फ्रीझरला गेला असेल तर काही काळजी नाही. उणे १८ अंशांवर जिवाणू वाढत नाहीत. दोन-तीन महिने चवही बरी राहते. बाहेर काढाल तेव्हा ओट्यावर ठेवून वितळवू नका, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मग पूर्ण उकळी आणा, नुसतं कोमट करून भागत नाही. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

बाकी सगळ्यांसाठी. शिजलेल्या अन्नाला ५ ते ६० अंशांमधला पट्टा धोक्याचा. मुंबईच्या डिसेंबरात पहाटे चादर लागते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दुपारी पारा तिशीला जातो. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये जायला हवं. मोठा टोप तसाच आत ढकलला तर त्याचा मधला भाग कित्येक तास गरम राहतो, आणि बिघडायला सुरुवात तिथूनच होते. उथळ डब्यांत, चार बोटांपेक्षा कमी जाडीत पसरून ठेवा.

शिजवलेली कोंबडी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. नारळाच्या दुधाचं कालवण त्याआधी संपवा. भाताबद्दल विशेष सांगते, कारण तिथे सगळे बेफिकीर असतात. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेल्या भाताचा फ्राइड राईस करायचा तर भात आदल्या दिवशी लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवलेला हवा.

आणि व्हिनेगर घातलेलं काहीही अॅल्युमिनियमच्या टोपात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नका. स्टील, काच किंवा चिनीमाती.

---

नायगाव_लोकल
२६ डिसेंबर, दुपारी ३.२५

सूक्ष्मदर्शक ताईंचं वाचलं. पण आमच्या आईने फ्रीज नसताना सोर्पोतेल आठ-आठ दिवस चालवलं. मातीचं भांडं, रोज सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी, आणि त्यात ओला चमचा कोणी घालायचा नाही. घरात कुणाला काही झालं नाही. त्यात व्हिनेगर भरपूर असायचं, वर चरबीचा जाड थर, आणि डुक्कर आदल्या दिवशी वाडीतच कापलेलं. आता शहरात मांस कुठून येतं, किती वेळ बाहेर राहतं, कोण जाणे. तेव्हा आजच्या मांसाला फ्रीजच बरा हे मीही मानतो.

जरा अवांतर लिहितो. आमच्याकडे वसईत केक घरच्या ओव्हनमध्ये होत नसे. मैदा, रवा, अंडी, साखर घरून घेऊन बेकरीवर जायचं, तिथेच मोठ्या पराती मांडून घोटायचं, आणि पत्र्याच्या साच्यांवर नावाची चिठ्ठी लावून भट्टीत द्यायचे. नाताळच्या आधीच्या आठवड्यात रात्री अकरा-बारापर्यंत नंबर लागायचे. लाकडाच्या भट्टीतल्या त्या केकच्या कडा किंचित कडक, तांबूस असत. आम्हा पोरांचं भांडण त्या कडांवरून.

आता धाग्याच्या विषयाचं. शिळ्या फुग्यांचं पुडिंग. आमच्या घरचं माप:

सहा-सात फुगे बोटाच्या जाडीच्या चकत्या करून घ्या. डब्याच्या तळाशी चार चमचे साखर करपवून पसरवा. त्यावर चकत्यांचा थर, मध्ये सुकेळीचे तुकडे. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची सुकवलेली राजेळी केळी, मिळाली तर जरूर घाला, नाहीतर काळ्या मनुका. अर्धा लिटर दूध कोमट करून त्यात तीन अंडी आणि पाच-सहा चमचे साखर घोटा, जायफळ किसा, आणि चकत्यांवर ओता. अर्धा तास तसंच ठेवा, फुगे सगळं दूध पितात. मग झाकण घट्ट लावून कुकरमध्ये शिटी न लावता अर्धा-पाऊण तास वाफवा. पूर्ण थंड झाल्याशिवाय उलटं करू नका.

फुग्यात नारळाचं दूध असतं, त्यामुळे पावाच्या पुडिंगपेक्षा हे कितीतरी चवदार होतं.

---

पहिला_नाताळ
२६ डिसेंबर, सायंकाळी ५.५०

नमस्कार. मी मूळची सांगलीची, लग्न मंगळुरी कॅथलिक घरात झालंय, अंधेरीला राहते. हा माझा सासरचा पहिलाच नाताळ. सासूबाईंनी २०पासून कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, करायला बसवलं. कुलकुलची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत गुंडाळायची, मग तिच्यावर रेघा उठतात. सासरे, दीर, शेजारची दोन मुलं, सगळे टेबलाभोवती. आमच्याकडे दिवाळीच्या करंज्यांना अशीच बैठक बसते, त्यामुळे मला परकं वाटलंच नाही.

दोन प्रश्न आहेत. सान्ना (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) खूप उरल्यात. आणि पोर्क विंदालू आज फार आंबट लागतंय, काल नव्हतं. साखर घालू का?

---

बाटलीमसाला
२६ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

पहिला_नाताळ, स्वागत! सासरी पहिल्याच वर्षी कुस्वारला बसवलं म्हणजे तुला घरची मानलं.

साखर घालायची तर चिमूटभरच. त्यापेक्षा दोन उकडलेले बटाटे मोठ्या फोडी करून त्यात सोड आणि दहा मिनिटं शिजव. बटाट्याने आंबटपणा कमी लागतो आणि कालवणही वाढतं. एक कांदा उभा चिरून तांबूस परतून घातला तरी चव गोलाईला येते.

सान्नांचं सांगलीच्या मुलीला मी काय सांगणार! फोडणीच्या इडलीसारखं कर. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, चौकोनी तुकडे, आणि आच मोठी. सान्ना इडलीपेक्षा मऊ असते, म्हणून तुकडे आधी तासभर फ्रीजमध्ये उघडे ठेव, मग मोडत नाहीत.

तुळशीवृंदावन ताई, केकचं सांगते. घरी केलेला, रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा गच्च केक असेल तर बटरपेपरात गुंडाळून घट्ट डब्यात बाहेरही टिकतो. बेकरीचा हलका असेल तर दुहेरी गुंडाळून फ्रीझरला टाका, ३१ला काढा. कोरडा वाटला तर जाड काप करून तव्यावर थोड्या लोण्यात दोन्हीकडून भाजा. गरम कापावर मेवा मऊ होतो, दालचिनीचा वास घरभर सुटतो. ताज्या केकपेक्षा मला हाच आवडतो.

आणि ताटांची घाई नको. आमचा नाताळ २५ला संपत नाही, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत घरोघरी गोठा मांडलेला असतो. संक्रांत आली की तिळाच्या वड्या घालून ताटं पाठवा. तुमच्या आंटी खूश होतील.

---

रात्रपाळी
२६ डिसेंबर, रात्री १०.४५

मी परळला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. घर गोव्यात, इथे एका खोलीत भाड्याने राहते. २४ची रात्र आणि २५चा दिवस दोन्ही ड्युटीत गेले. वॉर्डात लहान मुलं होती, त्यांच्यासाठी आम्ही कापसाचा बर्फ आणि कागदी चांदण्या लावल्या होत्या. एका मुलाने विचारलं, 'सिस्टर, तुमचा सण आहे ना, मग तुम्ही घरी का नाही?' मी म्हटलं, तुझ्याबरोबर करतेय की.

आज सुट्टी होती. माझा नाताळ आज झाला. दुपारी उठून दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये जाऊन शांत बसून आले. येताना थोडं पोर्क आणि पाव घेतले. एका माणसासाठी काय करावं हे सुचत नाही, म्हणून हा धागा वाचत बसले. मांयच्या (आईच्या) हातच्या सोर्पोतेलची खूप आठवण आली. एकटीसाठी काही सांगाल का?

---

बाटलीमसाला
२६ डिसेंबर, रात्री ११.०५

रात्रपाळी, तुला आधी नाताळच्या खूप खूप शुभेच्छा. त्या मुलांना तू मिळालीस हे त्यांचं नशीब.

एकटीसाठी चिली फ्राय. उरलेलं कुठलंही भाजलेलं किंवा उकडलेलं मांस चालतं, आणि आपल्या सगळ्या कॅथलिक घरांत सणानंतर तो होतोच. आज आणलेलं पोर्क मीठ, हळद, आलं-लसूण घालून कुकरला शिजव. निम्मं पाण्यासकट डब्यात घालून फ्रीझरला टाक, तो तुझा पुढचा सुट्टीचा दिवस. उरलेल्याच्या बोटभर पट्ट्या काप. दोन कांदे उभे चिरून मोठ्या आचेवर परत, ते कच्चट-कुरकुरीत राहायला हवेत. तीन-चार हिरव्या मिरच्या उभ्या, आल्याच्या काड्या, एक टोमॅटो, असली तर उकडलेल्या बटाट्याची फोड. मग पट्ट्या, मिरपूड, आणि शेवटी एक चमचा व्हिनेगर कढईच्या कडेने. पंधरा मिनिटांचं काम, पावाबरोबर खा.

आणि सोर्पोतेलचा एक डबा तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. तुला निरोप पाठवते. रविवारी मी दादरला येणार आहे.

---

हिशेबवही
शुक्रवार, २७ डिसेंबर, सकाळी ८.२०

बाटलीमसाला ताई, आता तुमचा मोठा टोप मला समजला. चार माणसांना एवढं कशासाठी असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर वरच्या प्रतिसादात आहे.

माझं मोजून करण्याचं मत तरी कायम आहे. फक्त मोजताना बाहेरचे एक-दोन डबेही धरायला हवेत.

---

माहीमचा_वारा
२७ डिसेंबर, सकाळी ९.००

+१

पेज कशी झाली, ताई? गाजराशिवाय केली का?

---

बाटलीमसाला
२७ डिसेंबर, सकाळी ९.५०

गाजराशिवाय! सासूबाई म्हणाल्या, आजारी माणसालाही आवडेल आणि बऱ्या माणसालाही. त्यांच्याकडून एवढं कौतुक सहसा मिळत नाही.

आता बटाटा चॉपची कृती. निरोपांतून चार जणींनी विचारलीय. उरलेलं विंदालू, रोस्ट, खिमा, अगदी सुकं मटणसुद्धा चालतं.

सारण आधी. साधारण दीड वाटी मांस हाताने तोडून बारीक करा, सुरीने नको. रेषा राहिल्या तर चावताना कळतं की आत मांस आहे. ते त्याच्या रश्श्यासकट कढईत घाला आणि रस्सा पूर्ण आटेपर्यंत परता. कढईच्या तळाला मसाला चिकटायला लागला, बाजूने तेल सुटलं, की झालं. इथे घाई केली तर सगळे चॉप फुटतात. मी शेवटी अर्धा चमचा बाटली मसाला घालते. त्यात भाजलेले गहू आणि चणे दळलेले असतात, ते उरलासुरला ओलावा शोषून घेतात. तुमच्याकडे नसेल तर एक चमचा भाजलेलं बेसन घाला. सारण पूर्ण गार होऊ द्या.

बटाटे अर्धा किलो, सालीसकट उकडा म्हणजे आत पाणी शिरत नाही. जुने, पिठूळ बटाटे घ्या, नवे चिकट होतात. सोलून गरम असतानाच किसणीवर किसा, मीठ-मिरपूड घालून हलक्या हाताने गोळा करा. मळत बसलात तर डिंकासारखा लगदा होतो.

तळहाताला तेल लावून लिंबाएवढ्या दोन चपट्या पाऱ्या करा. एकीवर चमचाभर सारण, दुसरी वर ठेवून कडा बंद, आणि लांबट आकार. फेटलेल्या अंड्यात बुडवून बारीक रव्यात घोळवा. रव्याऐवजी सुकलेल्या फुग्यांचा मिक्सरमधून काढलेला चुरा घेतला तर रंग जास्त सुरेख येतो. तव्यावर चार-पाच चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूचा रंग पक्का झाल्याशिवाय उलटायचं नाही.

अर्ध्या किलोचे आठ-नऊ होतात.

---

पहिला_नाताळ
२७ डिसेंबर, दुपारी २.१५

बटाट्याची मात्रा लागू पडली, विंदालू एकदम जमलं. फोडणीच्या सान्ना सासऱ्यांना इतक्या आवडल्या की ते म्हणाले, पुढच्या वर्षी मुद्दाम जास्त करा. माझ्या सांगलीच्या आईला फोन करून सांगितलं, ती फार खूश झाली.

सासूबाईंचा एक उपाय सांगते. नेवऱ्यांचं सारण उरलं होतं, खोबरं, रवा, खसखस, वेलची. त्यांनी मैद्याचे पातळ घावन करून त्यात ते भरून गुंडाळ्या केल्या. चहाबरोबर संपल्यासुद्धा. आणि दोदोलला वापरून उरलेलं नारळाचं दूध बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलंय, लागेल तशा वड्या कालवणात टाकायला.

---

सूक्ष्मदर्शक
२७ डिसेंबर, दुपारी ३.००

नारळाच्या दुधाच्या वड्यांना माझ्याकडून पूर्ण गुण. वितळल्यावर दूध फाटल्यासारखं दिसेल, ते बिघडलेलं नसतं. स्निग्धांश वेगळा होतो इतकंच. मंद आचेवर ढवळा.

---

रात्रपाळी
रविवार, २९ डिसेंबर, रात्री ९.३०

बाटलीमसाला ताई आज दादरला भेटल्या. सोर्पोतेलबरोबर केकचे काप आणि सासूबाईंनी पाठवलेले कुलकुल. डबा हातात देऊन त्या म्हणाल्या, उद्या खा, आज नको, आज प्रवासात हललंय. उद्या सकाळी ड्युटीवरून आल्यावर खाईन.

चिली फ्रायचा फ्रीझरमधला डबाही शिल्लक आहे. म्हणजे या आठवड्यात दोन मोठी जेवणं.

---

नायगाव_लोकल
मंगळवार, ३१ डिसेंबर, दुपारी ४.१०

आज रात्री वांद्र्याच्या गल्ल्यांत पोरं जुन्या कपड्यांचा म्हातारा करून जाळतील. सरत्या वर्षाला निरोप देण्याची ही रीत मला फार आवडते. मी मात्र घरीच. पुडिंग केलंय, नातवंडं यायची आहेत.

---

तुळशीवृंदावन
बुधवार, १ जानेवारी, सकाळी १०.२०

सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा!

मार्गशीर्ष संपला आणि काल आमच्याकडे विंदालू बाहेर आलं. निम्मं भाकरीबरोबर खाल्लं, निम्म्याचे ताईंच्या कृतीने चॉप केले. नवऱ्याने आणि मुलाने फडशा पाडला. आंटींना दोन दिले, त्यांनी एक तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाल्या, 'मसाला माझाच ना?' केकचे काप लोण्यात भाजून रात्री बारा वाजता खाल्ले.

एक विचारायचंय. नऊपैकी तीन चॉप तव्यावर कडेने उकलले. सारण तर नीट आटवलं होतं. चिकन होतं म्हणून झालं का?

---

बाटलीमसाला
१ जानेवारी, सकाळी ११.०५

चिकनमुळे नाही. बहुतेक बटाटा गार झाल्यावर पाऱ्या केल्या असाव्यात, मग कडा एकमेकींना धरत नाहीत. बटाटा कोमट असतानाच भरून घ्या, आणि घोळवून झाल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग तळा. तेल तापलं की नाही ते रव्याचा कण टाकून बघा, तो लगेच वर यायला हवा. एका वेळी तव्यावर चारपेक्षा जास्त नकोत, तेल थंड होतं.